बेफोर्टस: पाच महिन्यांची उसनी प्रतिकारशक्ती, आणि ती वाया कशी जाते

बेफोर्टस म्हणजे निर्सेविमॅब नावाचं तयार प्रतिपिंड (अँटीबॉडी). मांडीत एकदा टोचलं की आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) या श्वासमार्गाच्या एकाच विषाणूविरुद्धचं संरक्षण बाळाच्या रक्तात निदान पाच महिने टिकतं. अॅस्ट्राझेनेका आणि सनोफी या दोन कंपन्यांचं हे औषध. युरोपात त्याला 2022 च्या अखेरीस परवानगी मिळाली, अमेरिकेत जुलै 2023 मध्ये आणि भारतात जून 2024 मध्ये. इथलं वितरण सनोफीने डॉ. रेड्डीज या औषधकंपनीकडे सोपवलं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. औषध म्हणून हे उत्तम आहे. तान्ह्या बाळांच्या श्वसनरोगांसाठी गेल्या कित्येक वर्षांत इतकं स्वच्छ काम करणारं दुसरं काही बाजारात आलेलं नाही. पण ते चुकीच्या महिन्यात दिलं, बाळाचं वजन न करता दिलं किंवा ‘सर्दी-खोकल्याची लस’ समजून घेतलं, तर पैसे पाण्यात जातात. त्यामुळे औषध कसं आहे याच्या बरोबरीनं ते घेताना काय चुकतं, हेही इथे लिहिलं आहे.

बाळाला याची गरज का पडते

आरएसव्ही मोठ्या माणसाला साधी सर्दी देऊन जातो. तोच विषाणू दोन महिन्यांच्या बाळाच्या छातीत उतरला की दवाखाना गाठावा लागतो. याचं एक कारण शुद्ध भूमितीचं आहे. नळी अरुंद झाली की हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. आठ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली तर विरोध साधारण तिप्पट होतो. चार मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली तर तो सोळापट होतो. बाळाच्या फुप्फुसातल्या शेवटच्या बारीक श्वासनलिका याहूनही कितीतरी अरुंद असतात. आरएसव्ही नेमका तिथल्या अस्तराच्या पेशींमध्ये वाढतो. मेलेल्या पेशी, चिकट स्राव आणि सूज मिळून नळ्या बुजतात. यालाच ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. त्यात पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून नाक चोंदलं तरी दूध ओढणं थांबतं.

दुसरं कारण संरक्षण यंत्रणेचं. जन्माच्या वेळी बाळाच्या नाक-घशाच्या अस्तरावर स्वतःचं आयजीए प्रतिपिंड जवळजवळ नसतं. आईच्या दुधातून, विशेषतः चिकातून, ते मिळतं आणि घशाच्या अस्तराला लागतं. विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन नावाची, शेजारच्या पेशींना सावध करणारी प्रथिनं सोडतात, पण तान्ह्या बाळांत हा प्रतिसाद मोठ्यांच्या तुलनेत फिका असतो. त्यावर आरएसव्हीची एनएस1 आणि एनएस2 ही दोन प्रथिनं इंटरफेरॉनचा इशाराच दाबून टाकतात. म्हणजे आधीच हळू आवाजात दिलेली हाक, तीही अर्ध्यात तोडलेली.

उरतं ते आईच्या रक्तातून वारेवाटे आलेलं आयजीजी प्रतिपिंड. त्याची आवक गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत जास्त असते. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे आईपेक्षाही थोडं जास्त आयजीजी असू शकतं, पण तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे आईच्या साधारण निम्मंच असतं. शिवाय हा साठा दर तीन-चार आठवड्यांनी निम्मा होत जातो. तीन महिन्यांच्या आसपास आईकडून आलेलं बरंचसं संपलेलं असतं आणि बाळाचं स्वतःचं अजून तयार झालेलं नसतं. ही रिकामी जागा भरून काढायला निर्सेविमॅब आहे.

निर्सेविमॅब विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एफ प्रथिनाला धरतं. पेशीत शिरण्याआधी या प्रथिनाचा जो आकार असतो, त्याच्या टोकाशी ते बसतं. मग विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळू शकत नाही. साधं प्रतिपिंड रक्तात तीन आठवड्यांत निम्मं होतं. निर्सेविमॅबच्या शेपटाकडच्या भागात तीन अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे पेशी ते मोडून न टाकता पुन्हा रक्तात सोडतात आणि ते निम्मं व्हायला सुमारे 70 दिवस लागतात. एका टोचण्यात हंगाम निघतो तो या बदलामुळे. याच्या आधीचं पॅलिविझुमॅब हे प्रतिपिंड 1998 मध्ये बाजारात आलं. ते किलोमागे 15 मिलिग्रॅम दर महिन्याला, हंगामात पाच वेळा द्यावं लागायचं. खर्च आणि खेटे इतके की ते फार अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयविकार असलेल्या बाळांपुरतंच राहिलं.

सिरिंज, डोस आणि टोचणं

औषध आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येतं, दोन मापांत. जांभळ्या दट्ट्याची 50 मिलिग्रॅमची, म्हणजे 0.5 मिलिलिटर. फिक्या निळ्या दट्ट्याची 100 मिलिग्रॅमची, म्हणजे 1 मिलिलिटर. दट्ट्याला वेगळे रंग देणं ही रचनेतली साधी पण फार कामाची गोष्ट. गर्दीच्या ओपीडीत खोक्यावरची बारीक अक्षरं कोण वाचत बसतं?

पहिल्या हंगामात 5 किलोच्या आत वजन असेल तर 50 मिलिग्रॅम, 5 किलो किंवा जास्त असेल तर 100 मिलिग्रॅम. दुसऱ्या हंगामात फक्त जोखमीची मुलं, म्हणजे जुनाट फुप्फुसविकार, गंभीर हृदयविकार किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेली, 24 महिन्यांपर्यंत. त्यांना 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100 च्या दोन सिरिंजा एकाच वेळी वेगवेगळ्या जागी.

इथे पहिली चूक होते. वजन मागच्या भेटीचं धरलं जातं. आपल्याकडची बरीच बाळं अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास 5 किलोची रेषा ओलांडतात, आणि दीड महिन्याच्या लसीच्या वेळचं वजन चौदा आठवड्यांच्या भेटीत उपयोगाचं नसतं. त्याच दिवशी, लंगोट काढून, काट्यावर घेतलेलं वजनच धरा. दुसरी चूक याच्या उलट बाजूची: 100 ची सिरिंज नाही म्हणून 50 च्या दोन देणं. 2023 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत 100 मिलिग्रॅमच्या सिरिंजांचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने असं करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. 50 चे डोस लहान बाळांसाठी राखायचे होते.

साठवण 2 ते 8 अंश सेल्सिअसला, मूळ खोक्यात, उजेडापासून दूर. गोठवायचं नाही, हलवायचं नाही. फ्रिजबाहेर काढल्यावर आठ तासांत वापरायचं, नाहीतर टाकून द्यायचं. ही आठ तासांची मुदत घरगुती तापमानाची म्हणजे 25 अंशांपर्यंतची आहे. मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या रिक्षातल्या पिशवीची ती नाही. मेडिकलमधून औषध घेऊन स्वतः दवाखान्यात न्यायचं असेल तर बर्फाच्या पॅकवर आधी कापड ठेवा आणि मग खोकं. बर्फाला चिकटून गोठलेली सिरिंज बाहेरून अगदी व्यवस्थित दिसते. शक्यतो ज्या दवाखान्याचा स्वतःचा लसींचा फ्रिज आहे आणि त्याच्या तापमानाची रोज नोंद होते, तिथूनच घ्या. द्रव स्वच्छ किंवा किंचित दुधाळ, बिनरंगी ते पिवळसर असतो. कण दिसले किंवा गढूळ वाटला तर परत करा.

सुईविना येणारी खोकी असतात. सुई फिरवून बसवायची असते, दाबून नव्हे. टोपण काढताना सिरिंजचा लॉक धरायचा, दट्ट्या नाही. नाहीतर थेंब बाहेर जातो, आणि एकूण मात्रा अर्धा मिलिलिटर असताना एक थेंबही महागात पडतो. टोचायची जागा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा स्नायू. ढुंगणात नाही, तिथे मज्जातंतूला (नर्व्हला) इजा होण्याचा धोका असतो. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसींबरोबर त्याच भेटीत देता येतं, फक्त सिरिंज वेगळी आणि जागा वेगळी. बाकीच्या लसींच्या कामात ते अडथळा आणत नाही, कारण ते बाळाच्या प्रतिकारशक्तीला काही शिकवत नाही. आयतं संरक्षण देतं, एवढंच.

त्रास कमी दिसतो. दोन आठवड्यांच्या आत अंगावर पुरळ शंभरात एकापेक्षा कमी बाळांना, टोचल्या जागी सूज त्याहून कमी. तीव्र अॅलर्जीची उदाहरणं बाजारात आल्यानंतर नोंदली गेली आहेत, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ दवाखान्यात थांबवतात ते योग्यच. रक्त न गोठण्याचा आजार किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी सांगा. हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या पंपावर ठेवून हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाच्या रक्तातलं प्रतिपिंड बरंच कमी होतं, त्याला पुन्हा डोस लागतो. हे शल्यविभाग आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांच्या मधे हमखास राहून जातं, त्यामुळे पालकांनीच विचारलेलं बरं.

आकडे काय सांगतात

मेलडी नावाच्या चाचणीत 35 आठवडे किंवा त्यानंतर जन्मलेली निरोगी बाळं होती. डॉक्टरकडे न्यावं लागेल असा आरएसव्हीचा छातीचा आजार 74.5 टक्क्यांनी कमी झाला. हार्मनी ही चाचणी फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये झाली, आणि ती दैनंदिन दवाखान्याच्या अधिक जवळची होती. तिथे टोचलेल्या 4,037 बाळांपैकी 11 आणि न टोचलेल्या 4,021 पैकी 60 बाळं आरएसव्हीमुळे दाखल झाली. म्हणजे 83 टक्के घट.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहा. 60 मधून 11 वजा केले तर 49 उरतात, म्हणजे साधारण 82 बाळांना टोचल्यावर एका बाळाचं दवाखान्यात दाखल होणं टळतं. सुदृढ, पूर्ण दिवसांच्या, शहरात दवाखाना जवळ असलेल्या बाळाच्या पालकांनी निर्णय घेताना 83 टक्क्यांबरोबर हा आकडाही समोर ठेवावा. स्पेनच्या गॅलिसिया प्रांताने सप्टेंबर 2023 पासून सगळ्याच बाळांना हे द्यायला सुरुवात केली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त बाळांपर्यंत ते पोचवलं. तिथेही दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण 82 टक्क्यांनी घटलं. चाचणीतला आकडा प्रत्यक्षात टिकणं हे औषधांच्या बाबतीत नेहमी घडत नाही.

हे सगळे आकडे मात्र अशा देशांतले आहेत जिथे आरएसव्हीने बाळ दगावणं विरळा. 2019 मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं आरएसव्हीने गेली असा अंदाज आहे. त्यातली 97 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतली. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात घरोघरी पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासात दवाखान्यात न पोचता घरीच दगावलेल्या बाळांतही आरएसव्ही सापडला. ज्यांना याचा सर्वांत जास्त फायदा होईल त्यांच्या हातात ते नाही. या औषधाचा सर्वांत मोठा दोष हाच, आणि तो सिरिंजमधला नाही. अमेरिकेत 2023 मध्ये एका डोसची किंमत 495 डॉलर ठेवली गेली, 50 मिलिग्रॅम असो वा 100. इथे घेताना छापील किंमत आणि टोचण्याची फी वेगवेगळी विचारा, आणि विमा कंपनीला आधीच फोन करा, कारण प्रतिबंधक उपचार बहुतेक पॉलिसींच्या बाहेर असतात.

केव्हा द्यायचं

पाच महिन्यांचं संरक्षण चुकीच्या पाच महिन्यांत गेलं तर उपयोग काय? अमेरिकेत आणि युरोपात आरएसव्हीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मार्च. महाराष्ट्रात तो पावसाळ्यात वर येतो आणि हिवाळ्याच्या तोंडापर्यंत रेंगाळतो. उत्तर भारतात थंडीत जोर असतो. इंटरनेटवरचं अमेरिकी वेळापत्रक पाहून ऑक्टोबरची वाट बघत बसलेल्या पुण्यातल्या पालकांचा अर्धा हंगाम तिथेच गेलेला असतो. मे-जूनमध्ये सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाऊस सुरू होण्याआधी द्या. हंगामात जन्मलं तर पहिल्या आठवड्यातच, शक्यतो प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधी. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या निरोगी बाळाला लगेच देण्यात फारसा अर्थ नाही. मे अखेरपर्यंत थांबता येतं.

परदेशी मराठी कुटुंबांसाठी खास सूचना. न्यू जर्सीत ऑक्टोबरात टोचलेलं बाळ जूनमध्ये बारशा-मुंजीच्या निमित्ताने ठाण्याला आलं, तर त्याचं संरक्षण बहुतेक ओसरलेलं असतं आणि इथला हंगाम नुकता सुरू होत असतो. प्रवासाआधी तिथल्या डॉक्टरांशी बोला. दुसरा डोस सरसकट दिला जात नाही, त्यामुळे बाळ लहान आणि अपुऱ्या दिवसांचं असेल तर तिकिटाची तारीख बदलणं जास्त सोपं.

पर्याय

गरोदरपणी आईला द्यायची लस, अॅब्रिस्व्हो. आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि वारेवाटे बाळाकडे जातात. तिच्या चाचणीत पहिल्या 90 दिवसांत गंभीर आजार 81.8 टक्क्यांनी आणि 180 दिवसांत 69.4 टक्क्यांनी घटला. अमेरिकेत ती 32 ते 36 आठवड्यांत देतात, कारण चाचणीत लस घेतलेल्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं किंचित जास्त दिसली होती; जागतिक आरोग्य संघटना 28 आठवड्यांपासून पुढे सुचवते. लस आणि जन्म यांत निदान दोन आठवडे हवेत, नाहीतर ती पोचली असं धरत नाहीत. आईने वेळेत घेतली असेल तर निरोगी बाळाला बेफोर्टसची गरज नसते. दोन्हींचा खर्च करू नका. एक सावधगिरी: 2023-24 च्या हंगामात अमेरिकेत मोठ्यांसाठीची आरएसव्ही लस चुकून तान्ह्या बाळांना दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. खोक्यावर ‘निर्सेविमॅब’ हा शब्द स्वतः वाचल्याशिवाय टोचू देऊ नका.

क्लेस्रोविमॅब हा मर्कचा प्रतिस्पर्धी, अमेरिकेत जून 2025 मध्ये मंजूर. वजन काहीही असो, 105 मिलिग्रॅमचा एकच डोस. वजनाच्या गोंधळातून सुटका, हा त्याचा खरा गुण. त्याच्या चाचणीत डॉक्टरकडे न्यावं लागणारा आजार सुमारे 60 टक्क्यांनी आणि दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण 84 टक्क्यांनी कमी झालं. दोघांची समोरासमोर तुलना झालेली नाही, त्यामुळे आकड्यांवरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये.

विषाणू बदलला तर? सुप्टाव्हुमॅब नावाचं असंच एक प्रतिपिंड 2017 मध्ये याच कारणाने पडलं. आरएसव्हीच्या बी प्रकाराने नेमकी पकडीची जागा बदलली होती. निर्सेविमॅबची जागा आतापर्यंत बरीच स्थिर राहिली आहे, आणि तिच्यावर सतत लक्ष ठेवलं जातं.

घेतल्यानंतर काय अपेक्षा ठेवावी

सर्दी होणारच. ऱ्हायनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस, अॅडिनो, पॅराइन्फ्लुएन्झा, फ्लू यांच्यावर बेफोर्टसचा शून्य परिणाम आहे. आरएसव्हीसुद्धा नाकापर्यंत येऊ शकतो. औषधाचं काम त्याला छातीत उतरू न देण्याचं. ‘एवढं महागाचं इंजेक्शन देऊनही नाक वाहतंय’ ही तक्रार म्हणून गैरलागू आहे. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, ती वेगळी घ्यावी लागते.

नाकासाठी साधे सलाइनचे थेंब पुरे, पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन. नाकात तेल नको. आणि धुरी बंद. वावडिंग-ओव्याची असो वा धुपाची, शेगडीचा धूर श्वासमार्गातल्या सिलिया नावाच्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावतो, आणि स्राव बाहेर ढकलायला बाळाकडे तेवढीच यंत्रणा असते. हजारो रुपयांचं प्रतिपिंड टोचून संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीत धुरी करणारी घरं कमी नाहीत. आजीला वाईट वाटेल, तरी सांगा.

टोचलेल्या बाळालाही धाप लागली तर वाट पाहू नका. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत 50 किंवा जास्त श्वास, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, पोट उडणं, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, ओठ निळे, मधेच श्वास थांबणं, यातलं एकही दिसलं तर सरळ दवाखाना. श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की तान्ह्या बाळात चुकतं, कारण त्यांचा श्वास एकसारखा नसतो. आरएसव्हीची पीसीआर चाचणी निर्सेविमॅबमुळे बिघडत नाही. रक्तातली आरएसव्ही प्रतिपिंडं मोजण्याची चाचणी मात्र पुढचे बरेच महिने निरर्थक, ती कुणी सुचवली तर इंजेक्शनची आठवण करून द्या.

म्हणून लसीकरणाच्या कार्डावर कोपऱ्यात ‘आरएसव्ही’ एवढंच लिहून घेऊ नका. औषधाचं नाव, 50 की 100 मिलिग्रॅम, बॅच क्रमांक, तारीख, त्या दिवशीचं वजन आणि कोणत्या मांडीत, इतकं तिथल्या तिथे लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.